लांजा स्टेशन: घटना शून्य

आमच्या ऑफिसात सगळ्याचा लॉग ठेवतात. कुणी गाडीला वायर लावली, लॉग. काढली, लॉग. लावतो लावतो म्हणत लावलीच नाही, तरी लॉग! नव्वद दिवसांनी हे सगळं आपोआप पुसलं जातं, कारण सर्व्हरवर जागा पुरत नाही. ऑफिसातले किस्से मात्र कुणी पुसत नाही. ते साठत साठत माझ्या डोक्यात इतके झालेत की परवा मला स्वतःचा मोबाइल नंबर आठवेना. तेव्हा थोडे इथे उतरवते.

आधी आम्ही कोण ते सांगते. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनांची एक कंपनी आहे. मोठं ऑफिस पुण्यात. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ एका मिठाईच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस. जिल्ह्यातल्या स्टेशनांवर कोण येतं, किती वेळ थांबतं, कोण काय मोडतं आणि कुठला हॅकर कुठून घुसतोय, यावर लक्ष ठेवायचं हे आमचं काम.

माणसं तीन. ऑफिसप्रमुख शिर्के साहेब, जे पुण्याचा फोन आला की खुर्चीतून उठून उभे राहतात. सिक्युरिटीचा पेडणेकर, ज्याने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी चिकटवलीय आणि जो स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागेल. आणि डेटा बघणारी मी, सुर्वे. नातेवाइकांना मी 'डेटा अ‍ॅनालिस्ट' म्हणून सांगितलं की ते म्हणतात, "असू दे गो, सरकारी नाही ना?"

*

पहिला किस्सा मालगुंडचा.

तिथल्या स्टेशनचा डेटा बघताना मला दिसलं की रोज सकाळी दहा ते दुपारी तीन चार्जिंगची जागा भरलेली असते. पण वीज एक युनिटही जात नाही! जागा भरली की रिकामी हे सांगणारा सेन्सर तिथे जमिनीत बसवलाय. तो म्हणत होता, गाडी आहे. मीटर म्हणत होता, नाही.

मी पेडणेकरला दाखवलं. त्याचा चेहरा उजळला. बिचारा तीन वर्षं खऱ्या हल्ल्याची वाट बघत होता. "कुणीतरी सेन्सरला खोटा सिग्नल देतंय! गिऱ्हाइकांना वाटावं जागा नाही, म्हणजे आपला धंदा बुडाला. हा बाहेरच्या देशातून होणारा प्रकार आहे."

त्याने चौदा पानी रिपोर्ट लिहिला. शिर्के साहेबांनी तो उभं राहून पुण्याला पाठवला. मग मी म्हटलं, जाऊन तर बघू या.

आम्ही पोचलो तेव्हा जागा खरंच भरलेली होती. पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोब्बर मध्ये, कोपरे जुळवून, बांगडे वाळत घातले होते. वर जाळी, जाळीवर चार दगड आणि मधोमध एक उपडी घातलेली पत्र्याची पाटी. सेन्सर त्या पाटीलाच गाडी समजत होता. बाजूला एक मावशी टोपली घेऊन बसलेली.

पेडणेकर म्हणाला, "मावशी, ही गाड्यांची जागा आहे!"

"मंग? गाडी आली की उचलतंय ना. आलीय का येक तरी?"

आली नव्हती. डेटा माझ्याकडेच होता. मी विचारलं, "पण इथेच का? किनाऱ्यावर एवढी जागा आहे."

मावशीने खांबावरच्या आमच्या महागड्या, काही हललं की भोंगा वाजवणाऱ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "तिकडं मांजरा येतात. हितं मांजर आला की तो वराडतो!"

पेडणेकरचा रिपोर्ट परत मागवता येईना. पुण्याहून उत्तर आलं की हल्ला परतवल्याबद्दल अभिनंदन.

*

मग पेडणेकरने ठरवलं की माणसांचीच परीक्षा घ्यायची. खोटी ईमेल पाठवायची आणि कोण लिंकवर क्लिक करतं ते मोजायचं. मोठ्या कंपन्यांत असं करतात म्हणे. एप्रिल महिना होता. त्याने पुण्याच्या आणि आमच्या, सगळ्या स्टाफला मेल टाकली: 'अस्सल रत्नागिरी हापूसची पेटी मोफत. इथे क्लिक करा.'

पुण्यात धाडधाड क्लिक झाली. कंपनीचे डायरेक्टर, ज्यांना आम्ही सगळे मोठे साहेब म्हणतो, त्यांनी दोनदा केलं. पहिल्यांदा पेटी आली नाही म्हणून.

रत्नागिरी ऑफिस आणि स्टेशनांवरच्या माणसांपैकी एकानेही क्लिक केलं नाही. पेडणेकर कॉलर ताठ करून फिरत होता, "बघा, माझं ट्रेनिंग!" मी चार जणांना विचारलं. उत्तर एकच, "मोफत पेटी? आमच्याच पडवीत आंब्यांची अढी लागलीय, वासाने डोकं उठलंय."

पेडणेकर हिरमुसला. पण हार मानणारा नाही तो. आठवड्याने त्याने रत्नागिरीसाठी खास मेल बनवली: 'तुमच्या चुलत भावाने सातबाऱ्यात फेरफारासाठी अर्ज केला आहे. तपशील इथे पाहा.'

चार मिनिटांत सगळं ऑफिस आणि सगळी स्टेशनं क्लिक करून मोकळी! शिर्के साहेबांनी लॅपटॉपवरून केलं, मग मोबाइलवरून केलं आणि मग मुंबईच्या भावाला फोन करून शिव्या घालायला सुरुवात केली. दोघं भाऊ अजून बोलत नाहीत.

मी यादी बघत होते. सगळ्यात पहिलं क्लिक पेडणेकरचं होतं!

"अरे, मेल तू लिहिलीस ना?"

"हो."

"मग?"

त्याने कॅमेऱ्यावरची पट्टी पुन्हा दाबून बसवली. मग म्हणाला, "माहीत होतं गं खोटी आहे. पण म्हटलं, एकदा बघून तरी ठेवावं."

*

डेटा किती जपून वापरावा, यावरचा हा छोटा किस्सा.

पुण्यातल्या मार्केटिंगवाल्यांना वाटलं की गिऱ्हाइकांना आपुलकीचे मेसेज पाठवावेत. आम्हाला न विचारता त्यांनी माझ्या डेटातून ते बनवले. रत्नागिरीतल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांना मेसेज गेला: 'तुम्ही दर गुरुवारी अलोऱ्याच्या स्टेशनवर तीन तास थांबता! शेजारच्या खानावळीत मटण थाळीवर तुमच्यासाठी खास सवलत.'

गृहस्थांचा गुरुवारचा कडक उपास. बावीस वर्षांचा. आणि अ‍ॅप बायकोच्या फोनवर.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या ऑफिसात आले. पांढराशुभ्र सदरा, कपाळाला गंध, आवाज खोल गेलेला. "माझी माहिती काढून टाका."

मी म्हटलं, "काका, आम्ही मनापासून माफी मागतो. आत्ता, तुमच्यासमोर, सर्व्हरवरून कायमची काढते."

"सर्व्हरवर राहू दे हो!" ते जवळजवळ ओरडलेच. "हिच्या डोक्यातून काढा!"

*

आता सहस्राक्ष.

पुण्यातल्या हुशार मुलांनी एक सॉफ्टवेअर बनवलं. ते सगळ्या स्टेशनांवर डोळा ठेवणार, धोका ओळखणार आणि काय करायचं तेही स्वतःच ठरवणार. मोठ्या साहेबांनी त्याचं नाव ठेवलं 'सहस्राक्ष', हजार डोळ्यांचा. शिर्के साहेबांना ते कधीच नीट म्हणता आलं नाही. ते त्याला 'सहस्रबुद्धे' म्हणतात, आणि मग आम्हीही तसंच म्हणू लागलो.

या सहस्रबुद्ध्यांचं शिक्षण पुण्यात झालं, जानेवारी ते जूनच्या डेटावर. ऑगस्टात त्यांची कोकणात बदली झाली. आणि मग गणपती आले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता महामार्गावरची आमची सगळी स्टेशनं एकदम बंद पडली. सहस्राक्षाने बंद केली! पडद्यावर लाल अक्षरं: 'संघटित हल्ला. शेकडो अनोळखी गाड्या. सगळ्या एकाच शहरातून. सगळ्या एकाच दिशेने. सगळ्या एकाच वेळी.'

पुण्याच्या मुलाचा घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. "मॅडम, हे फार प्लॅन करून केलेलं दिसतंय!"

"हो," मी म्हटलं, "चार-चार महिने आधीपासून रजा टाकून ठेवतात."

"असं पूर्वी कधी झालंय?"

"दर वर्षी होतं. दीड दिवसाने थोडे परत जातात, गौरींबरोबर बरेचसे आणि चिवट असतात ते अनंत चतुर्दशीला."

त्याने हे सगळं टिपून घेतलं. मग विचारलं, "यांचा म्होरक्या कोण?"

देवाशपथ, मी फोन ठेवून दिला.

त्या दिवशी एकच स्टेशन परत चालू झालं, लांज्याचं. तिथे आमच्या रक्षक आहेत मंदाताई. पन्नाशीच्या, काटक, खाकी शर्ट आणि त्याखाली काष्टा नसला तरी कंबर कसून नेसलेली साडी. कंपनीने पँट दिली होती. ती त्यांनी बाजूच्या काजूच्या झाडावर बुजगावणं म्हणून चढवली. स्टेशनवर एक कार्ड असतं, ज्याने मशीन हाताने चालू करता येतं. मंदाताईंनी ते काढलं आणि रांग लावली. नियम त्यांचाच: "मूर्ती मांडीवर हाय तो पयला. लहान पोर हाय तो दुसरा. येकटा बाप्या शेवटाक!"

दिवसभरात एक भांडण नाही, एक ओरखडा नाही. गाड्या गेल्या. संध्याकाळी सहस्राक्षाने लांज्यापुढे नोंद केली: 'घटना शून्य.'

*

आणि या शून्यानेच घात केला.

महिन्याभराने सहस्राक्षाने सगळ्या जिल्ह्याचा आढावा काढला. हातखंब्याच्या स्टेशनवर आठवड्याला काहीतरी व्हायचं. केबल कापली, काच फोडली, एकदा तर अख्खी कचरापेटी गेली. कारण तिथला रक्षक पाठीमागच्या टपरीवर कॅरम खेळायचा. सहस्राक्ष म्हणाला, इथे धोका जास्त. दुसरा रक्षक द्या, नवे कॅमेरे द्या. त्या कॅरमवाल्याला 'सर्वाधिक घटना नोंदवल्याबद्दल' प्रशस्तिपत्रही मिळालं!

लांज्यापुढे हिरवी रेघ. 'घटना शून्य. रक्षक अनावश्यक. पद बंद करावे.'

मला राग आला तो सहस्राक्षाचा नव्हे. राग माझाच आला, कारण तो 'घटना'चा रकाना मी बनवला होता. जे घडलं ते मोजायचं, एवढंच मला सुचलं. मंदाताईंनी जे घडू दिलं नाही, त्यासाठी मी रकानाच ठेवला नव्हता.

मंदाताईंची नोकरी म्हणजे गंमत नाही. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. मुलगी रत्नागिरीत नर्सिंगला. स्टेशनपासून घर हाकेच्या अंतरावर, म्हणून तर त्या दर दोन तासांनी जाऊन सासूबाईंची कूस बदलून येतात. दुसरीकडे कुठेही नोकरी मिळाली तरी हे जमणार नाही. पुण्याकडून सुरक्षेचं ऑडिट होईपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, पद राहणार होतं. त्यात काही निघालं नाही तर बंद.

मी लांज्याला गेले आणि हळूच म्हटलं, "ताई, रजिस्टरमध्ये काहीतरी लिहा ना. कुणीतरी दगड मारला, एखादं बटण तुटलं. बारीकसं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतल्या बाई आठवल्या. "मॅडम, कुनी दगड मारलाच नाय तर लिवू कसा?"

"अहो, नोकरी जाईल!"

"जाईल तर जाईल. माज्या ठिकाणावर दगड पडला असा मीच लिवायचा? मंग मी हितं काय करत व्हते?"

शिर्के साहेबांनी पुण्याला फोन केला. अर्थात उभं राहून. तिकडून मोठे साहेब म्हणाले, "शिर्के, भावना नको. डेटा काय म्हणतो ते बघा." शिर्के साहेब हो म्हणाले आणि फोन ठेवून बराच वेळ उभेच राहिले.

*

आता शेवटचा किस्सा, ऑडिटचा. हा मी फार लोकांना सांगितलेला नाही.

ऑडिट म्हणजे पुण्याहून एक माणूस गुपचूप येणार, खोटं नाव सांगून आत घुसायचा प्रयत्न करणार आणि सुरक्षा किती कच्ची आहे ते लिहिणार. ऑडिट होणार एवढंच आम्हाला माहीत होतं; ते असं होणार हे मोठे साहेब सोडून कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या आदल्याच आठवड्यात पेडणेकरने सगळ्या रक्षकांना ट्रेनिंग दिलं होतं की हल्ली कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज आणि कुणाचंही तोंड हुबेहूब बनवता येतं. "मी स्वतः फोन केला तरी विश्वास ठेवायचा नाही!" असं तो टेबलावर हात आपटून म्हणाला होता.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो ऑडिटर इलेक्ट्रिक गाडी घेऊन लांज्याच्या स्टेशनवर उतरला. अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. संशय नको म्हणून त्याने आधी गाडी चार्जिंगला लावली. मग म्हणाला, "ताई, मी आपल्याच कंपनीतून आलोय. पॅनल तपासायचंय, चावी द्या."

मंदाताईंनी आधी गूळपाणी दिलं. मग विचारलं, "कुठचे तुमी?"

कोकणातला आहे असं सांगितलं की काम सोपं होईल, असं त्याला वाटलं असावं. "मी अलोऱ्याचा."

"गावातला का कॉलनीतला?"

"कॉलनीतला. वडील कोयना प्रकल्पावर होते."

"असा का! शेजारी कोन रवायचा?"

ऑडिटर थबकला. "शेजारी… तेवढं आठवत नाही."

"कॉलनीत वाडलास आनि शेजारी आठवत नाय?" मंदाताई उठल्या. "तू अलोऱ्याचा नायस."

चार्जिंगची गन, म्हणजे वायरीचं टोक, गाडीत अडकलेली असली की ती सोडवायला स्टेशनचं कार्ड लागतं. मंदाताईंनी कार्ड कमरेच्या पिशवीत टाकलं, पिशवी खोचली आणि त्याला सावलीत खुर्ची दिली. "बसा. ओळख पटली की सोडते."

त्याने कंपनीचं पत्र दाखवलं. "छापून मिळतात." ओळखपत्र दाखवलं. "ता पन."

शेवटी त्याने मोठ्या साहेबांना फोन लावला. मोठ्या साहेबांनी शिर्के साहेबांना. शिर्के साहेबांनी उठून मंदाताईंना. "मंदाताई, मी शिर्के बोलतोय. त्यांना सोडा."

"आवाज साहेबांचाच हाय," मंदाताई म्हणाल्या, "म्हनून तर इस्वास नाय!"

पेडणेकरने फोन घेतला. "ताई, मी पेडणेकर!"

"तुमीच सांगितलाव ना, तुमचा फोन आला तरी इस्वास ठेवायचा नाय?"

पेडणेकरचे डोळे भरून आले. त्याचं ट्रेनिंग पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं होतं.

मग व्हिडिओ कॉल झाला. पुण्याहून मोठे साहेब आणि त्यांची सगळी टीम, इकडे आम्ही तिघं, लांज्याला मंदाताई आणि मागे सरबत पीत बसलेला ऑडिटर. एकूण अकरा जण.

"मी या कंपनीचा डायरेक्टर आहे," मोठे साहेब म्हणाले.

"असाल. गाव कुठला तुमचा?"

"पुणे."

"पुना ऱ्हायाचा गाव. मूळ कुठला?"

साहेब जरा घुटमळले. "आईचं माहेर मालगुंड."

मंदाताईंचा चेहरा खुलला. "माजी मोठी भन मालगुंडात दिलीय! कंची वाडी?"

कुठली गाडी कुठल्या स्टेशनवर किती मिनिटं उभी होती हे साहेब झोपेत सांगतील. आजोळची वाडी त्यांना सांगता येईना.

"आईला इचारा," मंदाताई म्हणाल्या. "मी थांबतंय."

काय करणार! ऑडिटरला दुपारी पुढच्या स्टेशनवर जायचं होतं. साहेबांनी आईंना कॉलवर घेतलं.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"आई, मी आनंद."

"आनंद? मंगळवारी? दुपारचा?" म्हातारीचा आवाज कडक झाला. "आनंद रविवारी संध्याकाळी फोन करतो, तोही दोन मिनिटं. कोण आहेस तू? ओटीपी मागायचा असेल तर मी देत नाही!"

पेडणेकर माझ्या कानात पुटपुटला, "याला म्हणतात पॅटर्न ओळखणं. आपल्या सहस्रबुद्ध्यांना जमत नाही."

"अगं आई, खरंच मी आहे!"

"मग सांग, मालगुंडला फणसावरून पडलास तेव्हा काय झालं?"

"आई, इथे लोक आहेत."

"म्हणजे तू आनंद नाहीस."

मोठ्या साहेबांनी टाय सैल केला. "…चड्डी फाटली."

"आणि?"

"आणि फांदीवरच राहिली."

"मग घरी कसा आलास?"

पुण्याच्या टीममधल्या दोघांनी आपले कॅमेरे बंद केले. साहेब इतक्या हळू बोलले की मंदाताई म्हणाल्या, "आवाज येत नाय हो!"

"केळीचं पान लावून!" साहेब ओरडले.

"आनंदच आहे," आई म्हणाल्या. "बाळा, जेवलास का?"

पुढची पंचवीस मिनिटं आई आणि मंदाताई बोलत होत्या. वाडी कळली, विहीर कळली, मंदाताईंच्या बहिणीचं घर आईंच्या माहेरच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून आहे हेही कळलं. बाकीचे दहाच्या दहा जण ऐकत होते, कारण फोन ठेवायची कुणाची छाती होईना. मग मंदाताईंनी पिशवीतून कार्ड काढलं आणि ऑडिटरची गाडी सोडली.

सोमवारच्या मीटिंगला घटनांच्या नोंदी मी मोठ्याने वाचून दाखवते आणि मोठे साहेब पुण्याहून 'मंजूर' दाबतात. मंजूर झालं की सहस्राक्ष पुन्हा हिशेब करून कुठल्या स्टेशनला रक्षक ठेवायचा ते सांगतो. त्या सोमवारी यादीत लांजा होतं. मंदाताईंनी फॉर्म पूर्ण भरला होता. या वेळी घडलं होतं ना!

मी वाचायला लागले. "लांजा स्टेशन. घटना: एक. संशयित: दोन."

"दोन?" मोठे साहेब म्हणाले.

"संशयित क्रमांक एक: अलोऱ्याचा आहे असं सांगणारा. शेजारी आठवत नाही. संशयित क्रमांक दोन: डायरेक्टर आहे असं सांगणारा. वाडी आठवत नाही. ओळख कशी पटली: ओटीपी नाही, ओळखपत्र नाही, इतर. तपशील: आईने पटवली. पुरावा: केळीचं पान."

कुणी हसलं नाही. हसू दाबण्यात सगळ्यांची शक्ती खर्च होत होती.

"सुर्वे," साहेब म्हणाले, "ते क्रमांक दोन काढून टाका."

"काढता येत नाही साहेब. एकदा झालेली नोंद कुणालाही बदलता येऊ नये, अशी तुमचीच ऑर्डर आहे."

"मग मी मंजूरच केलं नाही तर?"

मी पडद्यावर बघून खात्री करून घेतली. "मग सहस्राक्ष संशयितांना फरार दाखवतो. फोटोसकट, सगळ्या स्टेशनांवर."

साहेबांनी 'मंजूर' दाबलं. लांज्याची हिरवी रेघ लाल झाली आणि तिच्यापुढे आपोआप अक्षरं उमटली: 'धोका गंभीर. सध्याचा रक्षक कोणत्याही परिस्थितीत हलवू नये.'